दोरा हौसाबाईंचा

दसरा झाला की उन्हाची धार बदलते. सांगलीत ते पटकन ध्यानात येत नाही. इथं उसाच्या फडांत ओल असते, सकाळी नदीवरून धुकं येतं आणि स्वेटर कपाटातून काढायचे की नाही या विचारात माणसं असतात. मला मात्र ते नाकाला कळतं. कुठूनही, काही कारण नसताना, ओल्या लोकरीचा वास येतो. त्यात लेंड्यांचा धूर, आणि त्या धुरातून वर येणारा कार्बोलिकचा कडवट, नाकात झोंबणारा वास. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या नाकावर कोण विश्वास ठेवणार? पण मला कळतं, आता माणदेशातली मेंढरं कोकणाकडे निघतील. घोड्यांवर बिऱ्हाडं चढतील. आणि निघण्याआधी कुत्र्यांच्या गळ्यात दोरे बांधले जातील.

यंदा हा वास मला जनावरांच्या दवाखान्यात आला. नात सई म्हणाली, "आबा, चला की. रिक्षात कुत्रं धरायला माणूस पाहिजे." तिच्या मांडीवर टोपलीत मांजर, माझ्या पायांत कुत्रा, अशी आमची वरात निघाली. दवाखान्यात ही गर्दी. एका बाईंनी बोका उशीच्या अभ्र्यात घालून आणला होता. डोकं तेवढं बाहेर, आणि तो सगळ्यांकडे असा बघत होता की जणू त्याचाच नंबर आधी असून आम्ही घुसलो आहोत. एक पोलीस मामा कुत्र्याला घेऊन आले होते. सुई पाहून कुत्रं शांत, मामा दाराबाहेर. मी कोपऱ्यात बसून हे सगळं डोळे भरून पाहत होतो. यातलं एकही जनावर आजारी नव्हतं. सगळी ठणठणीत. ठणठणीत जनावर घेऊन माणसं वर्षाच्या लशीसाठी रांगेत बसली होती.

हे ज्यांनी नेहमी पाहिलंय त्यांना त्यात काही वाटणार नाही. दुखणं आलं की कुणीही धावतं. दुखणं नसताना, वर्षातला तोच महिना धरून, आपणहून यायचं, हे माणसाच्या अंगी बाणायला पिढ्या जातात. माझ्या डोळ्यांसमोर ते पहिल्यांदा बाणलं, तेव्हा तिथं फरशी नव्हती, पंखा नव्हता. एक बाभळ होती, एक स्टोव्ह होता आणि एक बाई होती.

डॉक्टरीणबाई तरुण, हाताला हलकी. तिनं कुत्र्याचा ओठ वर करून दात पाहिले, पापणी ओढून आतला रंग पाहिला, कानात बोट घालून गोचीड चाचपली आणि मग सुई टोचली. कुत्र्याच्या छोट्या पुस्तकात शिक्का मारला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी दिवाळीच्या आत आणा." मी ते पुस्तक हातात घेऊन बोटांनी चाचपलं. कागद गुळगुळीत होता. गाठी नव्हत्या.

तेवढ्यात सई बोलून गेली. "डॉक्टर, ही दरवर्षी खूण करायची पद्धत आमच्या आबांनी काढली होती, माहितीये? माणमध्ये. धनगरांच्या कुत्र्यांना दोरा बांधायचे. सर्टिफिकेट आहे घरी, फ्रेम केलेलं."

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठली, चक्क वाकून नमस्कार केला. "आबा, मला त्याचा फोटो द्या. इथं भिंतीवर लावते. आपल्या भागात हे इतक्या आधी झालंय, लोकांना कळू दे की."

मी म्हणालो, "बघू."

पन्नास वर्षं मी हेच म्हणत आलो आहे. आता बघू म्हणण्याइतकं आयुष्य हाताशी नाही. तेव्हा आधी सरळ लिहून टाकतो. ती पद्धत माझी नव्हे. ती हौसाबाईंची. आणि ती माझ्या नावावर लागली ती माझ्या खोटेपणामुळे.

चाळीसच्या दशकात, लढाई चालू असताना, मी माणमधल्या एका गुरांच्या दवाखान्यात कंपौंडर होतो. घर कऱ्हाडजवळ, संगमाच्या पाण्यावर वाढलेलं पोर मी. थोरला भाऊ पलटणीत. माझी नेमणूक झाली ती मात्र अशा मुलखात की पहिले आठ दिवस मी विहिरीत वाकून पाणी आहे का तेच बघत होतो. कुसळांचे माळ, बाजरी, मटकी, हुलगा. गावातले निम्मे बाप्ये मुंबईला. उरलेले मेंढरांमागे. पण त्या माळावर दसऱ्यानंतरचे पंधरा दिवस जे चैतन्य यायचं, तसं मी कऱ्हाडच्या बाजारातही पाहिलेलं नाही. मेंढपाळांची आठ-दहा घरं एकत्र चालतात, त्याला ते वाडा म्हणतात. असे कितीतरी वाडे निघण्याआधी एका ओढ्याकाठी जमायचे. मेंढरं कातरली जायची. लोकरीचे ढीग. दोरीच्या जाळीचं कुंपण, म्हणजे वाघर, त्याला नव्या गाठी पडायच्या. घोड्यांच्या पाठीला तेल लागायचं. आणि सगळीकडे कुत्री.

त्या कुत्र्यांविषयी लिहायला लागलो तर थांबायचा नाही. लांब पाय, चिंचोळं तोंड, पोट पाठीला टेकलेलं. गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा, लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून. कुणाच्या हातचा तुकडा घेणार नाहीत. मेंढरू भरकटलं तर न भुंकता जाऊन त्याला खांद्यानं ढकलत आणतील. आमचे डॉक्टर पुण्याचे, मऊ बोलणारे, ते म्हणायचे, "या कुत्र्यांना पगार मिळायला हवा." त्यांनीच खटपट करून कुत्र्यांसाठी पिसाळण्यावरची लस मागवली. लढाईमुळे साधं बँडेज मिळत नव्हतं, तिथं कुत्र्यांसाठी लस मागणारा माणूस वेडाच ठरतो. वर्षभर पत्रं लिहून त्यांनी ती मिळवली.

कारण तसंच घडलं होतं. आदल्या साली एका वाड्यात कुत्रं पिसाळलं आणि एका माणसाला चावलं. साताऱ्याला जाऊन पोटात चौदा सुया घ्यायच्या, तर मेंढरं कुणावर सोडायची? तो साताऱ्याला गेला नाही, आणि त्यातच वारला. हौसाबाई त्याची बायको.

पहिल्या साली आम्ही ओढ्याकाठी स्टोव्ह पेटवून बसलो तर एकही कुत्रं पुढे येईना. काचेची सिरिंज उकळत होती, मी सुया दगडावर घासून धार लावत होतो आणि समोर पन्नास माणसं उकिडवी बसून तंबाखू मळत होती. त्यांत बिरू नावाचा तरणाबांड गडी होता, बोलायला तिखट. तो म्हणाला, "कुत्र्याला सुई? आज टोचून घेतलं तर उद्या भुकायलाबी सरकारची परवानगी लागंल." सगळे हसले. त्याला चेव आला. "आन वास घ्यायचं इसरलं तर? लांडगं हुंगत तुमी फिरनार व्हय, कंपौंडर?"

मागून आवाज आला. "बिरू, तुज्या कुत्र्याला वास येतूया म्हणूनच ते तुज्याजवळ बसत न्हाई. सर बाजूला."

हौसाबाई तेव्हा चाळिशीच्या असतील. उंच, काळ्यासावळ्या, कमरेला लोकर कातायची चाती खोचलेली. बरोबर त्यांचा भुंग्या. काळा कुळकुळीत, एका कानाचा शेंडा लांडग्यानं नेलेला. त्यांनी भुंग्यावर घोंगडं टाकलं, त्याचं डोकं मांडीत धरलं आणि मला म्हणाल्या, "थांबा. आदी दावा काय घालताय ते." मी भरलेली सिरिंज पुढे केली. त्यांनी ती नाकाजवळ नेली. लशीत कार्बोलिक असायचं. "फिनेलवाणी वास हाय," त्या म्हणाल्या. "कडू हाय. कडू हाय म्हंजी औशिद हाय. टोचा." मग वळून सगळ्यांना म्हणाल्या, "माजा धनी पाण्याचा तांब्या बघून घोंगड्यात तोंड खुपसत हुता. तुमी समद्यांनी बघितलंय. तवा हे औशिद कुणी आणलं न्हाई. आता दारात आलंया तर म्या न्हाई म्हणू व्हय?"

त्यानंतर कुत्री आली. घोंगड्याखाली एकेक डोकं, एकेक गुरगुर. त्या डोकं धरायच्या, मी टोचायचो. त्यांच्या मांडीवर मी पाहिलेलं एकही कुत्रं उठून पळालं नाही.

अडचण वेगळीच होती. काळी कुत्री सगळी सारखी, वाडे दहा दिशांना जाणार. कुणाला टोचलं, कुणाला नाही, पुढच्या साली ओळखायचं कसं? डॉक्टरांनी पत्र्याचे बिल्ले करून आणले होते. हौसाबाईंनी एक बिल्ला घेतला, पट्ट्याच्या कडीला आपटून पाहिला. "वाजतूय," म्हणाल्या. "ह्यो वाजला की लांडग्याला आदी कळंल कुत्रं कुठं हाय. मग राखण कुणी कुणाची करायची?" हौसाबाईंनी चातीवरची काळी आणि पांढरी लोकर ओढली, मांडीवर पीळ घातला, दोरा केला आणि भुंग्याच्या गळ्यात पट्ट्याखाली बांधला. त्याला एक गाठ मारली. "यंदा एक गाठ. फुडल्या साली नवा दोरा, दोन गाठी. डोळं मिटून बोट फिरवलं तरी कळंल."

पद्धत काढायला त्यांना एवढाच वेळ लागला. बिडी ओढून व्हायच्या आत. डॉक्टर तर हात जोडायचेच बाकी राहिले होते. बिल्ले आम्ही परत आणले. कितीतरी दिवस मी त्यांवर सुया ठेवत होतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. त्या दिवसाला सण करून टाकलं. टोचणीच्या दिवशी चुलीवरची पहिली भाकरी कुत्र्याची, दुधात कुस्करून. "सण हाय म्हणलं की माणसं आपसूक येत्यात," त्या मला म्हणाल्या, "दवाखाना हाय म्हणलं की कामं निगत्यात." सरकारची मोठमोठी पत्रकं मी नंतर वाचली, वाटलीही. एवढं नेमकं त्यांत कुठंही नव्हतं.

आणि त्यांनी जबान दिली. ओढ्याकाठच्या प्रत्येक वाघरीला जाऊन सांगितलं, "ज्येच्या गळ्यात माजा दोरा, त्या कुत्र्याची जबाबदारी माजी. ते पिसाळलं तर माज्या वाघरीला आणून बांदा." माणदेशात जबान म्हणजे काय, हे तिथं राहिलेल्यालाच कळेल. पाऊस दगा देतो, विहीर दगा देते. माणसाकडे देण्यासारखं मग जबानीशिवाय काही उरत नाही.

दुसरं साल लढाई संपली ते. मला त्या हंगामाचा एक-एक दिवस आठवतो. पलटणीतून सुटून आलेली माणसं खाकी कोट घालून मेंढरांत फिरत होती. मटकीच्या शेंगा वाळत होत्या. हवेत गारवा आला होता आणि सगळा ओढ्याकाठ लोकरीच्या धुळीनं पांढुरका झाला होता. या साली कुत्र्यांची रांग लागली. बिरू पहिला. तोच दुसऱ्यांना सांगत होता, "आरं, नीट धर की गड्या. गेल्या साली सुई घेतल्यापास्नं माजं कुत्रं दुप्पट पळतंय." हौसाबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं फक्त.

डॉक्टरांना दुसऱ्या गावी बैलांच्या साथीवर जावं लागलं होतं. सगळं माझ्यावर सोपवून गेले. मी चोवीस वर्षांचा. तीन दिवस मीच डाग्दर होतो आणि मला ते फार आवडलं होतं. लस ओल्या वाळूच्या मडक्यात गार ठेवून मी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचो. शेवटच्या दिवशी सकाळी ओढ्याच्या उतारावर, समोरून बघणारी माणसं आहेत म्हणून, मी सायकलवरून उतरलो नाही. उतरून ढकलत नेणं कमीपणाचं वाटलं. चाक दगडावर गेलं. मडकं फुटलं ते लोकांना दिसलं; आतल्या दोन बाटल्या फुटल्या, एकच वाचली, ते फक्त मला.

दुपारपर्यंत ती एक बाटली पुरली. मग अकरा कुत्री राहिली. अकरावा भुंग्या. पहिल्या साली हौसाबाईंनी त्याला सगळ्यांत आधी आणलं होतं, लोकांची भीती जावी म्हणून. या साली सगळ्यांत शेवटी ठेवला. "माजं घरचंच हाय," म्हणाल्या, "दुसऱ्यांची हुं द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे वाडे हलणार होते. घोडे खोगिरासकट उभे होते. मला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं: बाटली फुटली, लस संपली, या अकरा कुत्र्यांना सांभाळून राहा, मी मागून लस घेऊन येतो. बस्स, एवढंच. हौसाबाईंनी मला फार तर दोन शिव्या घातल्या असत्या. पण तीन दिवस मी डाग्दर होतो. पाठ फिरवून मी पेटीत हात घातला आणि सुया धुण्यासाठी उकळून गार केलेलं पाणी सिरिंजमध्ये भरलं.

अकरा वेळा भरलं.

हौसाबाई सकाळपासून डोकी धरून दमल्या होत्या. एव्हाना सिरिंज हुंगायचं त्यांनी सोडून दिलं होतं. विश्वास बसला होता ना. भुंग्यानं शेवटी माझ्या मनगटाला जीभ लावली. त्याच्या गळ्यात त्यांनी दोन गाठींचा दोरा बांधला. मी रजिस्टरात ओळी पुऱ्या केल्या. लस मागवून त्यांच्या मागं जाईन असं मनाशी म्हणालो. मागवायची तर डॉक्टरांना कारण सांगावं लागलं असतं. मी गेलो नाही.

माघात भुंग्या घाटाखाली पिसाळला.

ते मला ज्येष्ठात कळलं, मेंढरं परतल्यावर. हौसाबाई दवाखान्यात आल्या, उंबऱ्याबाहेरच बसल्या. मी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "आवाज बसला हुता त्येचा. घोगरा. डॉक्टरांनी सांगितलं हुतं तसा. अंधार बघून बसाया लागला. तवाच म्या वळीखलं." त्यांनी कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. मेंढरं, बायका, पोरं, सगळ्यांना ओढ्यापलीकडे धाडलं. दोन काठ्यांमध्ये फास धरून एकटीनं त्याला जांभळीच्या बुंध्याला बांधलं आणि तो मरेपर्यंत, चार दिवस, दोन कासऱ्यांच्या अंतरावर बसून राहिल्या. तो कुणाला चावला नाही. माणसाला नाही, मेंढराला नाही. त्यांच्या त्या चार दिवसांविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. नवऱ्याच्या वेळी त्यांना काही करता आलं नव्हतं. या वेळी त्यांनी वाडाच्या वाडा वाचवला, आणि तोही माझ्या पाण्यातून.

मग त्यांनी विचारलं, "कंपौंडर, सुई नीट बसली हुती न्हवं?"

मी म्हणालो, "बसली होती. एखाद्या जनावराच्या अंगी लस लागत नाही, मावशी. नशीब."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. तोंडाकडे नाही. "बरं," म्हणाल्या आणि तांब्या पालथा घालून उठल्या.

पुढच्या दसऱ्याला ओढ्याकाठी पुन्हा कोणी कुत्रं आणेना. आधी पंच बसले. मीही तिथंच होतो, घोंगड्यावर, पेटी मांडीशी धरून. बिरू उभा राहिला. त्यानं थट्टा केली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. "हौसावयनी, तू जबान दिलीतीस," तो म्हणाला. "दोरा असलेलं कुत्रं पिसाळलं. तुज्याच घरचं. म्हंजी दोरा खोटा, न्हाईतर सुई खोटी. आमी का म्हणून टोचून घ्यावं?"

माझ्या तोंडात जीभ होती. मी बोललो नाही.

हौसाबाई उभ्या राहिल्या. "दोराबी खरा, सुईबी खरी," त्या म्हणाल्या. "माज्या भुंग्याला सुई टोचलीच न्हवती. घरचं कुत्रं म्हणून शेवटाला ठेवलं आन राहून गेलं. घाईत दोरा मातुर बांदला. चूक माजी हाय. कंपौंडरची न्हाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, ही बाई भाबडी आहे; माझी नोकरी राहावी म्हणून खोटं बोलते आहे. किती वर्षं मला तसंच वाटत होतं.

पंचांनी ठरवलं, यापुढे दोरा हौसाच्या हातचा नाही, तिच्या घरच्या कुणाच्याच हातचा नाही. सरकारी माणसानं बांधायचा. हौसाबाईंनी ओटीतून काळ्यापांढऱ्या लोकरीचा गुंडा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "घ्या कंपौंडर. गाठ घट्ट मारा," एवढंच म्हणाल्या. मग बिरू उठला आणि आपलं कुत्रं घेऊन आला. त्याच्या मागून सगळे. ती राहिलेली दहा कुत्री मी आधी शोधून टोचली. दुधात कुस्करलेली भाकरी त्या दिवशीही होती. हौसाबाईंनी ती कुणाच्या कुत्र्याला घातली, मला ठाऊक नाही; त्यांचं स्वतःचं तेव्हा नव्हतं.

त्यानंतर माझी बदली होईपर्यंत मी दोरे बांधले. त्या वाड्यांतलं एकही माणूस चौदा सुयांसाठी साताऱ्याला गेलं नाही. हा अभिमान मी सोडायला तयार नाही. तो माझा नसेल, पण आमच्या कामाचा आहे. पाण्याची गोष्ट डॉक्टरांना मी कधीच सांगितली नाही. त्यांनी वर अहवाल पाठवला, तेव्हा दोरे बांधणारा मीच होतो, म्हणून मोठ्या मनानं माझं नाव घातलं. माझ्या तोंडावर कौतुकानं वाचूनही दाखवलं. दोन वर्षांनी सर्टिफिकेट आलं. 'कल्पकतेबद्दल.' पुढे तासगाव, मिरज, सांगली. हौसाबाई गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी निवृत्त होत होतो. मी गेलो नाही. फ्रेम भिंतीवर होती.

दवाखान्यातून आल्यावर मी सईला सगळं सांगितलं. ती कुत्र्याच्या कानाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "भिंतीवर कोणाचं नाव लावायचं ते तुम्ही तिकडं जाऊन ठरवून या, आबा. मी घेऊन जाते."

आम्ही गेलो. ओढ्यावर आता पूल आहे. घोड्यांबरोबर दोन टेम्पोही उभे होते. बाभळ तीच की तिची नात, सांगता येत नाही. पण लोकरीची धूळ तीच, आणि कुत्र्यांच्या गळ्यात काळेपांढरे दोरे. तिथल्या दवाखान्याचा तरुण डॉक्टर स्टुलावर बर्फाचा डबा ठेवून बसला होता आणि त्याचा शिपाई दोरे घेऊन. पंचांचा शब्द अजून चालू होता.

बिरू होता. ऐंशीच्या पुढचा, काठीवर हनुवटी टेकलेला. त्यानं मला ओळखलं. "कंपौंडर, तुमी अजून हाईसा व्हय?" मी म्हणालो, "सांगायचं राहिलं होतं म्हणून आहे." आणि सगळ्यांसमोर सांगितलं. मडकं, पाणी, अकरा कुत्री. हौसाबाई पंचांपुढे खोटं बोलल्या ते. दोरा खरा होता, सुई खोटी होती.

कुठंतरी एक मेंढरू खोकलं. बिरूनं तंबाखू थुंकली. "पन्नास वर्सं," तो म्हणाला. "आन ती गेल्यावर सांगतुयास व्हय रं?" उत्तराची वाट त्यानं पाहिली नाही. काठी उचलून शिपायाकडे केली. "ते दोरं मालनीच्या हातात द्या. हौसावयनीची नात हाय ती. ज्येचं त्येच्या घरी जाऊं द्या."

मालन पुढे आली. उंची आजीची. तिनं दोरे ओच्यात घेतले, पहिल्या कुत्र्यावर घोंगडं टाकलं. डॉक्टरनं सिरिंज भरली. तर तिनं त्याचं मनगट धरलं आणि सुई नाकाशी नेली.

"ताई, आताच्या लशीला तसा वास नसतो," डॉक्टर म्हणाला.

"असू द्या. आजीनं लावलेली सवं हाय," मालन म्हणाली. "ती सांगायची, एका साली सांजच्याला तिचं कुत्रं जवळ येऊन बसलं तर त्येच्या अंगाला औशिदाचा वासच न्हवता. त्येचा अर्थ तिला कुत्रं पिसाळल्यावर लागला. तवापास्नं हुंगल्याबिगर कुत्र्याला सुई लावू द्यायची न्हाई." मग तिनं वर पाहिलं. "ती सुई तुमची व्हय, बाबा?"

मी मान हलवली.

"आजीनं नाव घेतलं न्हाई कवा. एवढंच म्हणायची, त्याचा हात चांगला हाय, एक डाव चुकला. नाव घेतलं असतं तर सुईवरनं मन उडालं असतं लोकांचं."

म्हणजे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. उंबऱ्याशी बसून माझ्या हातांकडे पाहत होत्या तेव्हा. पंचांपुढे उभ्या होत्या तेव्हा. त्या माझी नोकरी वाचवत नव्हत्या. ती रांग वाचवत होत्या, जी मी परवा सांगलीत बसून डोळे भरून पाहिली.

सांगलीच्या भिंतीवर आता कोणाचं नाव लागेल ते सईनं परतीच्या वाटेवर लिहूनच काढलं. पण ते नंतर. तिथं कुत्रं घोंगड्याखाली चुळबुळत होतं आणि डोकं धरायला कोणी नव्हतं. माझे गुडघे आता वाकत नाहीत. सईनं दंडाला धरून मला खाली बसवलं. मी डोकं मांडीत घेतलं. कार्बोलिकचा वास नव्हता, नुसता लोकरीचा होता. डॉक्टरनं टोचलं. मालननं दोरा पट्ट्याखालून ओढून घेतला, आणि मी कुत्र्याची मान तिच्या हातासाठी वर करून धरली.